लवणातली शाळा

हरणापूर महानगरपालिकेत कागद कधी हरवत नसे. तो फक्त सापडत नसे. दीडशे वर्षांचे कागद होते तिथं: बोरूनं मोडीत लिहिलेले, टाइपरायटरवर बडवलेले, आणि पुढं कुणीतरी मोठ्या हौसेनं संगणकावर चढवून विसरून गेलेले. कुठल्या आळीत कुठली मोरी कधी बांधली हे लिहिलेलं नक्की होतं. पण कुठं लिहिलंय असं विचारलं, की अख्खी अभिलेख शाखा छताच्या पंख्याकडं बघायला लागायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण याच खोलीत जन्मली असणार, पैज लावायला आमची तयारी आहे.

या प्रकाराचा निकाल लावला शर्वरी खटावकरनं. साल २०४३. बाई चाळिशीच्या अलीकडची, भाषा आणि संगणक दोन्ही शिकलेली, बोलायला लागली की दोन्ही हात हवेत, आणि समोरचा चहा हमखास गार. तिनं एक शोधयंत्र बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'उमज'.

आधीची शोधयंत्रं अक्षरं हुडकायची. 'गटार तुंबले' असं विचारलं की ज्या कागदात हे दोन शब्द आहेत तेवढेच यायचे. कुणी बिचाऱ्यानं 'मोरी चोंदली' असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्ज जागचा हलायचा नाही. उमज अक्षरांच्या भानगडीत पडत नसे. ते वाक्याचा अर्थ घेई आणि त्या अर्थाला एका अफाट मैदानात जागा नेमून देई. मैदान म्हणायचं आपलं सोयीसाठी. खरं तर शेकडो दिशा असलेली ती गणितातली जागा, कागदावर काढता न येणारी. अर्थ जवळचा असेल तर जागाही जवळची. 'गटार तुंबले', 'मोरी चोंदली' आणि 'सांडपाण्याचा निचरा होत नाही' ही तिन्ही वाक्यं तिथं मांडीला मांडी लावून बसत. आणि कुणाची जागा कुठं, हे ठरे शेजारावरून, म्हणजे शब्द कुणाच्या संगतीत वावरतो त्यावरून. नव्या लोकांना शर्वरी सांगायची, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. एवढंच आहे बघा. बाकीचं नुसतं गणित."

उमजचं सगळ्यांत हट्टी गिऱ्हाईक म्हणजे पर्जन्यजल विभागाचे प्रमुख, मुश्ताक मुजावर. माणूस गोल, आवाज मोठा, आणि पावसाचा विषय निघाला की थांबायचं नाव नाही.

"आपण आजवर पावसाला चोर समजत आलो, बाई," ते म्हणायचे. "आला की सिमेंटच्या गटारातून हाकलला. सगळ्या गावानं एकदम हाकलला तर तो जाणार कुठं? बाजारपेठेत. आता त्याला जागोजागी बसवून घ्यायचा. पाणी पिणारी फरशी, रस्त्याकडेला गवताचे चर, आणि सखल जागी मुरवणतळी. पाणी अडवा, पाणी जिरवा असं आपण शेतकऱ्याला सांगत बसलो. शहराला सांगायचं राहूनच गेलं."

अडचण एकच होती. मुरवणतळं खणायचं कुठं? ड्रोननं लेझर सोडून मोजणी केली तर हरणापूर वरून जवळपास ताटासारखं सपाट दिसे, कारण गेली शंभर वर्षं लोकांनी ओघळी बुजवून, खड्ड्यांत राडारोडा टाकून त्यावर घरं बांधली होती. पण भरावाखाली जुनी वाळू आणि गोटे तसेच होते. गोट्यांच्या फटींतून पाणी झरझर जातं, चिकणमातीतून जात नाही. म्हणजे जुनं पात्र कुठं होतं हे कळलं, की पाणी मुरवायची जागा कळली. लेझरला ते दिसत नव्हतं. कागदांना मात्र ठाऊक होतं: कुणी कधी कुठल्या पाण्याबद्दल रडगाणं गायलं होतं, ते सगळं तिथं होतं.

उमजनं ती रडगाणी गोळा केली आणि नकाशावर निळे ठिपके काढून दिले. ठिपक्यांबरहुकूम तळी खणली गेली. बाजारपेठेत कमरेइतकं चढणारं पाणी घोट्यावर आलं. लोकांनी मुजावरांना हार घातले. मुजावर मात्र खूश नव्हते. घोट्याएवढं का होईना, ते पाणी येतंय कुठून, याचा हिशेब काही केल्या जुळत नव्हता. वरची सगळी तळी अर्धी रिकामी, आणि खाली बाजारात पाणी. "भुताटकी आहे," असं ते म्हणायचे आणि पुन्हा आकडेमोडीत डोकं घालायचे.

आता दुसऱ्या बाईंकडं येऊ. शर्वरीची थोरली बहीण, संपदा बनकर. बालविकास शाळेची मुख्याध्यापिका. ही शाळा भरायची बंद पडलेल्या तेलगिरणीच्या शेडमध्ये. गिरणी बंद पडून जमाना झाला, तरी भिंतींतून शेंगदाण्याच्या पेंडीचा वास जात नव्हता. मुलांचे स्वेटर घरी नेऊन धुतले तरी त्यांना तोच वास यायचा. चारशे पोरं, मधे पत्र्याच्या आडोशाचे वर्ग, एका वर्गात पाढे सुरू झाले की शेजारच्या वर्गातली कविता बंद. संपदाताईनं बारा वर्षं महापालिकेचे उंबरे झिजवले होते. शेवटी जकात नाक्यापलीकडची 'लवणपट्टा' नावाची मोकळी जागा शाळेला मिळाली. सोमवारी भूमिपूजन ठरलं होतं.

शर्वरीला घरी 'शरू' म्हणणारी एवढी एकच व्यक्ती उरली होती. तिची वेणी ताईनं घातली, सायकल ताईनं शिकवली, आणि कॉलेजच्या पहिल्या फीसाठी ताईनं स्वतःचं लग्न एक वर्ष पुढं ढकललं. हे ताईनं कधी बोलून दाखवलं नाही. म्हणूनच शर्वरीला ते सारखं आठवायचं.

गुरुवारी दुपारी दोघी स्कूटरवरून पूजेचं साहित्य आणायला निघाल्या होत्या. गाडी शर्वरीच्या हातात, मागं ताई, मांडीवर पिशवी. जकात नाक्याचा उतार लागला.

"शरू, सावकाश. पुढं लवण आहे."

शर्वरीनं ब्रेक असा करकचून दाबला, की मागचा रिक्षावाला त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बाजूनं निघून गेला.

"काय म्हणालीस?"

"सावकाश म्हटलं गं. थांब नाही म्हटलं."

"त्याच्यापुढं."

"लवण आहे म्हटलं. रस्ता खाली उतरून परत वर चढतोय, दिसत नाही का? सायकल शिकवताना हा शब्द ओरडून ओरडून घसा बसला होता माझा. विसरलीस?"

विसरली नव्हती. तीच तर गंमत. फांदी लवते, पापणी लवते, तशी जमीन लवते ती जागा म्हणजे लवण. हे तिला वयाच्या सातव्या वर्षापासून ठाऊक होतं. पण ते घरात. कार्यालयाची पायरी चढली की लवण म्हणजे मीठ. एकाच डोक्यात दोन शब्द इतकी वर्षं राहत होते आणि त्यांची एकदाही गाठ पडली नव्हती.

"ताई, तू नारळ घे. मी आलेच," असं म्हणून तिनं ताईला दुकानाशी उतरवलं आणि गाडी वळवली. ती काही त्या दिवशी परत आली नाही. ताई रिक्षा करून घरी गेली, आणि वाटेत तिनं बहिणीला जे काही म्हटलं ते रिक्षावाल्यानं ऐकलं असेल.

गोची अशी झाली होती. जुन्या कागदांची भाषा उमजला जड जायची. म्हणून शर्वरीनं मधे एक पायरी ठेवली होती: प्रत्येक जुन्या मजकुराचा आधी आजच्या सरकारी मराठीत सारांश व्हायचा, आणि त्या सारांशाला अर्थाच्या मैदानात जागा मिळायची. सारांश करणारं यंत्र शिकलं होतं पुस्तकांवर. पुस्तकांत लवण म्हणजे मीठ. रसायनशास्त्रात मीठ, वैद्यकात मीठ, पाककृतीतही मीठच. त्यामुळे 'लवणात गुडघाभर पाणी झाले' या तक्रारीचा सारांश निघाला, 'पाण्यातील क्षारांचे प्रमाण फार वाढले', आणि ती तक्रार खाऱ्या बोअरवेलच्या तक्रारींत जाऊन बसली. 'लवणातील घरे दरसाल भिजतात' याचं झालं 'क्षारांमुळे घरांच्या भिंतींना दरसाल ओल येते'. यंत्र इतकं साळसूदपणे चुकत होतं, की कुणाला शंकासुद्धा आली नाही.

शर्वरीनं त्या शब्दाचे दोन शब्द केले. घर, रस्ता, पाणी, वस्ती यांच्या संगतीत आला तर सखल जागा. वजन, चव, औषध यांच्या संगतीत आला तर मीठ. मग जुने सगळे कागद पुन्हा वाचायला लावले. पडद्यावर मिठाचा कोपरा पांढऱ्या ठिपक्यांनी दाटला होता. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग एक ठिपका सुटला, मग चार, मग शेकडो. ठिपके निळे होत होत पुराच्या कोपऱ्याकडं सरकायला लागले, आणि शेजारच्या नकाशावर एकेक जाऊन बसायला लागले. शर्वरी खुर्ची मागं सारून उठली. तिनं मुजावरांना फोन केला, "जसे असाल तसे या."

मुजावर एका हातात उघडा डबा आणि दुसऱ्या हातात घास घेऊनच आले.

नकाशावर आता नुसते ठिपके नव्हते, रेघ होती. भैरोबाच्या टेकडीवरून ती निघाली, जुन्या तालमीखालून गेली, तांबट आळीत वळली, बाजारपेठेच्या पाठीशी आली आणि तिथून जकात नाक्याकडं उतरली. मारुतीच्या जत्रेत पाळणे कुठं लावू नयेत याचा अर्ज, लग्नाची वरात चिखलात रुतल्याची फिर्याद, म्हैस वाहून गेल्याबद्दल मागितलेली भरपाई, असे दीडशे वर्षांतले कागद एकामागोमाग एक त्या रेघेवर ओळीनं उभे होते. एकट्यादुकट्या कागदात काही अर्थ नव्हता. सगळे मिळून एक ओढा सांगत होते.

"अख्खा ओढा आहे हा," मुजावर म्हणाले. त्यांचा आवाज चक्क बारीक झाला होता. "बाई, आपण ओढ्यावर गाव बांधलंय आणि वर त्यालाच विचारतोय, तू कोण. भुताटकी सापडली माझी." मग ते हसायला लागले, शर्वरीही हसायला लागली, आणि शाखेतली सगळी माणसं काय झालं म्हणून दारातून डोकावून गेली.

हसता हसता शर्वरीची नजर रेघेच्या शेवटच्या टोकावर गेली. ओढा एका मोठ्या पसरट खळग्यात उतरत होता. पूर्वी पाणी तिथं पसरायचं आणि मुरायचं. तो खळगा राडारोड्यानं बुजवल्यापासून पाणी अडत होतं आणि मागं फुगून बाजारात शिरत होतं. खळग्यावर नाव होतं, लवणपट्टा.

मुजावरांनीही ते वाचलं. त्यांनी हातातला घास परत डब्यात ठेवला.

"सोमवारी भूमिपूजन आहे," ते म्हणाले. "आणि जागेच्या दाखल्यावर माझी सही आहे. लवणपट्टा म्हणजे खारवट जमीन, पाया खाईल, म्हणून माती तपासायला मी खास माणूस आणला होता. मीठ औषधालाही सापडलं नाही. मी लिहून दिलं, 'जमीन क्षारमुक्त, शाळेस योग्य.' नुसतं चाटून बघायचं बाकी ठेवलं होतं हो."

शाळा तिथं उभी राहिली तर एखाद्या जोरदार पावसात तळमजल्याच्या वर्गांत पाणी भरणार, मुलांसकट. आणि ओढ्याची वाट कायमची बंद झाली की बाजारही दरसाल बुडणार. हे त्या क्षणी जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. चार दिवस गप्प बसलं असतं तर कुदळ पडली असती आणि मग जे व्हायचं ते कुणाच्या तरी दुसऱ्याच्या नावावर झालं असतं. शर्वरीच्या मनात हे आलं. नाही आलं असं म्हणणं खोटं ठरेल.

"आधी खणून बघू," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी लवणपट्ट्यात जेसीबी लागला. वर राडारोडा, फुटकी कौलं, कुठल्याशा चुलीच्या विटा. त्याखाली काळी माती. आणि पुरुषभर खोलीवर खोऱ्याचा खणखण आवाज आला. गुळगुळीत गोटे, लहान मोठे, पाण्यानं घोळून घोळून गोल झालेले. मुजावर कपड्यांची पर्वा न करता खड्ड्यात उतरले आणि त्यांनी गोटे ओंजळीत घेतले. मग टँकर आणून खड्ड्यात रिकामा केला. टँकरवाला पाइप गुंडाळतोय तोवर खड्डा कोरडा.

"सगळ्या गावात अशी जागा नाही," मुजावर खड्ड्यातूनच ओरडले. "अहो सोनं आहे हे. इथं तळं केलं तर बाजार कायमचा सुटला."

शर्वरीला नाचावंसं वाटत होतं, पण हे आता ताईला सांगायचं होतं. तिथून ती सरळ गिरणीच्या शेडमध्ये गेली.

शेडमध्ये पोरं स्वागतगीताची तालीम करत होती. ताई पेटीच्या सुरात सूर मिळवत नसलेल्या एका मुलीच्या पाठीवर हळूच ताल देत उभी होती. बहिणीच्या चिखलानं माखलेल्या चपला बघून ती बाजूला आली.

"काल मला नारळाच्या दुकानात सोडून कुठं उलथलीस?"

"ताई, सोमवारचं थांबवावं लागेल." शर्वरीनं सगळं सांगितलं. ओढा, खळगा, गोटे. सांगताना तिचे हात एकदाही वर उठले नाहीत.

ताईचा आवाज चढला नाही. मुख्याध्यापिका चिडली की तिचा आवाज उतरतो. "हे तुला कुणी सांगितलं? तुझ्या यंत्रानं?"

"यंत्राला कळतच नव्हतं. ते लवण म्हणजे मीठ समजून बसलं होतं. मीही त्याला तेच समजू दिलं. खरा शब्द तू सांगितलास. काल, गाडीवर."

ताईनं चष्मा काढला. "म्हणजे माझ्याच तोंडानं मी माझी शाळा बुडवली म्हण."

"बुडायची वाचवलीस."

"शब्दांचे खेळ तुला येतात, शरू. मला पोरं बसवायची आहेत. बारा वर्षं यांना पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत आलेय मी. पहिल्यांदा ज्यांना सांगितलं ती पोरं आता नोकरीला लागली." तिनं पदरानं चष्मा पुसला. मग चष्मा लावला आणि म्हणाली, "आपण निघावं, मॅडम. आमची तालीम चालली आहे."

मराठीत शिवीपेक्षा जिव्हारी लागणारी गोष्ट एकच, सख्ख्या माणसानं 'आपण' म्हणणं. शर्वरी शेडच्या बाहेर आली तेव्हा तिला गाडीची किल्ली खिशात सापडेना, इतके डोळे भरले होते.

सोमवारी भूमिपूजनाच्या मुहूर्तावर संपदाबाई मुजावरांच्या दालनात येऊन बसल्या. शर्वरी तिथंच होती. ताईनं तिच्याकडं बघितलं नाही.

"साहेब, दुसरी जागा देणार का?"

"शोधू की. चार वर्षं, पाच वर्षं…"

"मग मी ही सोडत नाही. पाण्यालाही जागा द्या आणि शाळेलाही द्या. एका घरात दोन जावा नांदतात, भांडत का होईना. शाळा आणि पाणी नांदणार नाहीत?"

मुजावर मोठ्यानं हसले. मग हसायचे थांबले. मग त्यांनी टेबलावरचा नकाशा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल ओढली. शर्वरी पुढं झाली. खळग्याची वरची कड, जिथं एकाही कागदात पाणी चढल्याचं लिहिलेलं नव्हतं, ती तिनं बोटानं दाखवली. तासाभरात चित्र उभं राहिलं. शाळा वरच्या कडेला, खांबांवर. आणि खेळाचं मैदान हेच तळं. भराव काढून ते खोल करायचं, तिन्ही बाजूंनी उतरत्या पायऱ्या, तळाशी गोट्यांवर वाळूचा थर. वर्षातले चारदोन दिवस पाणी, बाकी सगळे दिवस खोखो. मैदानाचं फाटक पाऊस मोजणाऱ्या यंत्राशी जोडायचं, म्हणजे टेकडीवर ढग फुटला की खाली मैदान आधीच रिकामं आणि बंद.

"बघा, झालं की," मुजावर टेबलावर थाप मारून म्हणाले.

झालं, पण फुकट झालं नाही. वर्गखोल्या निम्म्या झाल्या, काम दोन वर्षं लांबलं, आणि चौथीची पोरं नवी शाळा न बघताच पेंडीच्या वासातून बाहेर पडली. त्यांच्या निरोपाच्या दिवशी ताई घरी जाऊन जेवली नाही, हे शर्वरीला मुजावरांकडून कळलं. बैठकांना दोघी समोरासमोर बसायच्या. "आपण उतार किती धरला आहे, मॅडम?" "आपल्या म्हणण्याप्रमाणे पायऱ्या रुंद केल्या आहेत, बाई." दिवाळीत ताईकडून फराळाचा डबा आला. पण रिकामा डबा परत कधी करतेस म्हणून दरवर्षी येणारा फोन आला नाही.

इकडं उमज गावोगाव चाललं होतं. एका शब्दानं ओढा सापडतो म्हटल्यावर सगळ्याच शहरांना आपले बुजवलेले ओढे आठवले. कोकणातल्या पालिकेनं विचारलं, आमचा 'व्हाळ' तुमच्या यंत्राला कळतो का? 'पऱ्ह्या' कळतो का? दोन्ही आमचे ओढेच. शर्वरीनं नवीन रीत घातली. कुठल्याही गावचे कागद वाचायच्या आधी त्या गावच्या माणसांना गाडीवरून, बैलगाडीवरून, पायी हिंडवायचं आणि वाटेत ते जे बोलतील ते उमजला ऐकवायचं. तिची भाषणं व्हायला लागली. भाषणात ती स्कूटरचा किस्सा सांगायची आणि लोक हसायचे. "मागं बसलेली बाई कोण होती?" असं एकदा कुणीतरी विचारलं. "माझी बहीण," ती म्हणाली आणि पुढचं वाक्य विसरली.

नवी शाळा जूनमध्ये भरली. पावसाळा बेताचाच गेला, मैदानात पाणी आलंच नाही. लोक कुजबुजायला लागले, उगीच एवढा खड्डा केला. आणि मग हस्त लागला.

हस्ताचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, तो सांगून येत नाही. भर दुपारी टेकडी दिसेनाशी झाली. शर्वरी आणि मुजावर शाळेसमोरच्या रस्त्यावर येऊन उभे राहिले तेव्हा छत्र्यांचा काही उपयोग नव्हता. मैदानाचं फाटक बंद होऊन लाल दिवा लागला होता. वरच्या व्हरांड्यात कठड्यामागं सगळी शाळा गोळा झालेली, आणि मधोमध ताई. तिनं बहिणीला पाहिलं. मग ती मुलांना मागं सरकवायला लागली.

शंभर वर्षांनी ओढा आपल्या जागी आला. आधी वाळू काळी पडली, मग पायऱ्यांवरून तांबडं पाणी घरंगळत उतरलं, मग मैदान भरायला लागलं. एक पायरी, दोन पायऱ्या. वरून पोरांचा गलका पावसाच्याही वर ऐकू येत होता. पाणी चढत चढत गेलं आणि शेवटच्या दोन पायऱ्यांशी थांबलं. खांबांना ते शिवलंसुद्धा नाही. तेवढ्यात मुजावरांचा फोन वाजला. बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानदाराचा होता.

"साहेब, काय केलंत काय? रस्ता नुसता ओला आहे. मी माल वर चढवून बसलोय मघापासून, आता गिऱ्हाईक आलंय."

मुजावरांनी फोन बंद केला, छत्री मिटली आणि तिथं भर रस्त्यात ढसाढसा रडले. शर्वरीनं त्यांचा दंड धरला. तीही रडत होती, पण पावसात ते कोण बघतंय. व्हरांड्यातून मुलं आत गेली होती, दारं लागली होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटेपर्यंत मैदानात नुसती ओली वाळू उरली.

त्यानंतर दोन दिवसांनी अभिलेख शाखेतला कारकून शर्वरीच्या टेबलाशी आला. "मॅडम, उमज पुन्हा चुकलंय. शाळेची तक्रार आलीय, आणि यंत्रानं ती भलतीकडंच नेऊन टाकलीय."

शर्वरीनं पत्र उघडलं. विषय: मैदानातील पाण्याबाबत तीव्र तक्रार.

'महोदया, परवा मैदानात पाणी आल्यामुळे शाळेच्या कामकाजात गंभीर व्यत्यय आला. पाणी चढत असताना विद्यार्थ्यांनी पायऱ्या मोजल्याने भूगोलाचा तास गणितात गेला. दुसरीच्या मुलांनी पाणी पाहून टाळ्या वाजवल्या व त्या थांबवण्यात शिक्षकांना यश आले नाही. दुकाने चालू असल्याने बाजारपेठेतील पालक मुलांना न्यायला उशिरा आले. तिसरीतील एका विद्यार्थिनीने पाणी पुन्हा कधी येणार असे विचारले असून त्याचे उत्तर आमच्याकडे नाही. वर्गात पाणी शिरले नाही, ही बाब नोंदीसाठी कळवीत आहे. आपण स्वतः येऊन पाहणी करावी. आपली, संपदा बनकर, मुख्याध्यापिका.'

उमजनं ते पत्र ठेवलं होतं एका विधवा बाईच्या पत्राशेजारी, जिनं पेन्शन सुरू झाल्याबद्दल दोन ओळी खरडल्या होत्या. पलीकडं रस्त्यावर दिवा लागल्याबद्दल एका आळीनं लिहिलेलं पत्र होतं.

"तक्रारीत हलवू का?" कारकुनानं विचारलं.

"थांबा, विचारते," शर्वरी म्हणाली आणि तिनं शाळेचा नंबर लावला.

"नमस्कार, बाई. आपली तक्रार मिळाली. पण आमच्या यंत्रानं ती आभाराच्या पत्रांत टाकली आहे. काढून तक्रारीत घालू का?"

पलीकडं मधल्या सुट्टीचा गोंगाट चालला होता. ताईनं आधी कुणाला तरी पळू नका म्हणून दटावलं.

"त्याला काय डोंबल कळतंय," मग ती म्हणाली. "राहू दे आता तिथंच. तू कधी येतेस ते सांग."